लॅगिंगखालची केबल

चाकणला बर्फ पडत नाही. त्यामुळे पाइपावर विजेची केबल बांधून तो गरम ठेवण्याचा खटाटोप लडाखचा किंवा युरोपातला, आपल्याकडे त्याचं काय काम, असं पुष्कळांना वाटतं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नुकती कामाला लागलेली मुलंही हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना पाणी बाजूला ठेवून कारखान्यातल्या इतर द्रवांकडे पाहावं लागतं. ५० टक्के कॉस्टिक सोड्याची लाय साधारण १२ अंश सेल्सिअसला खडे धरू लागते. गाड्यांच्या सीटचा फोम करायला लागणारं टीडीआय, त्याचा नेहमीच्या वापरातला ८०:२० प्रकार, १४ अंशांच्या आसपास गोठतो. फर्नेस ऑइल गोठत नाही, पण गारठ्यात इतकं जड होतं की पंपाला ते ओढवत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत पुणे जिल्ह्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या घरात येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. रात्रपाळीत वाहती असलेली लाइन सकाळी तुंबलेली सापडायला एवढं पुरेसं आहे.

तुंबलेली लाइन मोकळी करताना जे केलं जातं ते अधिक काळजीचं आहे. गॅसची टॉर्च आणून पाइपावर फिरवली जाते. मधला भाग वितळतो, दोन्ही टोकांना गोठलेला माल बुचासारखा बसलेला असतो, मध्ये अडकलेला द्रव तापून फुगतो आणि त्याला जायला वाट नसते. जोड तिथे फुटतो, आणि समोर टॉर्च धरून माणूस उभा असतो. लाय डोळ्यांत गेली तर काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ही वेळ येऊच नये म्हणून पाइप बाहेरून गरम ठेवण्याचं तंत्र, म्हणजेच हीट ट्रेसिंग असतं, आणि त्याचीच ओळख करून देण्यासाठी ही हस्तपुस्तिका मराठीत तयार केली आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा आपला पट्टा खरं तर वाफेवर वाढलेला. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन करायचं म्हणजे निर्जंतुकीकरण आलं, आणि निर्जंतुकीकरण म्हणजे वाफ. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळांवर कारखाने आले. कासारवाडीची फोर्ब्स मार्शल आणि चिंचवडची थरमॅक्स यांनी वाफेच्या कामात देशभर नाव कमावलं. त्या काळात पाइप गरम ठेवायचा तर त्याच्या पोटाशी तांब्याची बारीक नळी बांधायची, तीत वाफ सोडायची आणि शेवटी स्टीम ट्रॅप लावायचा, हीच रीत होती. जिथे बॉयलर चोवीस तास चालतो आणि वाफ हाताशी आहे, तिथे ती रीत आजही चांगलीच आहे. नवं म्हणून विजेचं ट्रेसिंग लावून वाफेचं काढून टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण वाफ ताब्यात ठेवणं अवघड असतं. ती १०० अंशांच्या वरच असते, आणि लायीची लाइन २५ ते ३० अंशांवर ठेवायची असेल तर नळी आणि पाइप यांच्यामध्ये काहीतरी अडसर घालावा लागतो. ट्रॅप गळतात. आणि चाकण, निघोजे, खराबवाडी, महाळुंगे इथल्या शेकडो पुरवठादार कारखान्यांकडे बॉयलरच नाही. त्यांना एका चाळीस मीटरच्या लाइनसाठी बॉयलर बसवा असं सांगता येत नाही. तिथे विजेची केबल आली.

ही केबल पाइपातला माल तापवत नाही. माल आधीच हव्या त्या तापमानाला टाकीत आलेला असतो. लॅगिंगमधून, म्हणजे पाइपावरच्या उष्णतारोधक थरातून, जेवढी उष्णता बाहेर निसटते तेवढीच केबलने भरून द्यायची. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं गणित सोपं होतं. उदाहरण घेऊ. २ इंची पाइप, बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर. त्यावर ५० मिलिमीटर रॉकवूल. आत ५० अंश राखायचे आहेत, बाहेर पहाटेचे १० अंश. कोरड्या रॉकवूलची उष्णतावाहकता ०.०४ धरली तर दर मीटरला सुमारे १० वॅट निसटतात. म्हणजे अशा साठ मीटर लाइनला ६०० वॅट, एका साध्या इस्त्रीहूनही कमी. तेच रॉकवूल ५० ऐवजी २५ मिलिमीटर लावलं तर निसटणारी उष्णता १६ ते १७ वॅटवर जाते. खरेदी खात्याने लॅगिंगच्या जाडीत वाचवलेला पैसा पुढची दहा-पंधरा वर्षं महावितरणच्या बिलात भरला जातो, तो असा.

लॅगिंग ओलं झालं तर मात्र हे गणित कोसळतं. पाणी कोरड्या रॉकवूलच्या सुमारे पंधरा पट उष्णता वाहून नेतं. पत्र्याच्या क्लॅडिंगचा सांधा वरच्या बाजूला आला, सीलंट लावायचं राहिलं, जून ते सप्टेंबर पाऊस आत मुरला, की कितीही वॅटची केबल असली तरी ती अपुरी पडते. दिवाळीनंतर थंडी पडते, लाइन जड होते, आणि सगळे केबल खराब झाली म्हणून इलेक्ट्रिकलवाल्यांना बोलावतात. केबल ठणठणीत असते. दोष चार महिन्यांपूर्वी पत्र्याच्या सांध्यातून आत आलेला असतो.

केबलचे प्रकार पुढच्या प्रकरणांत सविस्तर आले आहेत, इथे धावती ओळख पुरे. सर्वात साधी सीरिज केबल: एकच रोधक तार, टोकापासून टोकापर्यंत, कुठेही तुटली की सगळी लाइन गार. पॅरलल प्रकारात दोन तारा समांतर जातात आणि त्यांच्यावर गुंडाळलेली बारीक नायक्रोम तार ठराविक अंतरावर आलटून पालटून त्यांना जोडलेली असते, त्यामुळे एक भाग गेला तरी बाकीचे चालतात. जास्त तापमानाला धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइड ठासून केलेली एमआय केबल. फार लांब पाइपलाइनसाठी स्किन इफेक्टची पद्धत आहे. राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रातलं मेणचट कच्चं तेल गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी साडेसहाशे किलोमीटरहून लांब पाइपलाइन २०१० मध्ये सुरू झाली, ती याच पद्धतीने ६५ अंशांच्या आसपास गरम ठेवली जाते. हा आपल्याच देशातला नमुना आहे, आणि या विषयावर काम करणाऱ्याने त्याचा अभिमान बाळगावा इतका तो मोठा आहे.

चाकणच्या लाइनवर मात्र बहुतेक वेळा भेटते ती सेल्फ-रेग्युलेटिंग केबल. अमेरिकेतल्या रेकेम कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आणली. चपटी, बोटाएवढ्या रुंदीची. आत कल्हई केलेल्या तांब्याच्या दोन तारा आणि त्यांच्या मधोमध काळा प्लास्टिकचा गाभा. या गाभ्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. गार असताना ते एकमेकांना टेकून असतात, एका तारेकडून दुसरीकडे प्रवाह जायला असंख्य वाटा मिळतात आणि गाभा तापतो. तापला की प्लास्टिक प्रसरण पावतं, कण दुरावतात, वाटा तुटतात, रोध वाढतो आणि उष्णता आपोआप कमी होते. हे केबलच्या प्रत्येक सेंटिमीटरला स्वतंत्रपणे घडतं. म्हणून उन्हातल्या भागात ती मंद राहते आणि शेडच्या गारव्यात जोराने काम करते. म्हणूनच ती कुठेही कापता येते, आणि व्हॉल्व्हभोवती एकावर एक आली तरी चालते. कॉन्स्टंट वॅटच्या, म्हणजे वरच्या सीरिज किंवा पॅरलल प्रकारच्या केबलला हे कधीही करू नये. जिथे ती स्वतःवर येते तिथे जळते.

या काळ्या गाभ्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण इतर कुठल्याही केबलमध्ये ती तशी नसते. नव्या वायरमनला तो गाभा इन्सुलेशन वाटतो. काळा, रबरासारखा, दोन तारांच्या मध्ये. वाटणं स्वाभाविक आहे. पण तो वीज वाहणारा भाग आहे. टोकाला तो उघडा राहिला आणि त्याला ओल लागली, तर तिथे जिवंत फेज ओलीला टेकला असं समजा. जंक्शन बॉक्समध्ये तारा सोलताना त्यांना चिकटलेले काळे कीस नीट खरवडून काढले नाहीत तर तिथून गळती सुरू होते. आणि दूरच्या टोकाला त्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडायच्या नसतात. सीरिज केबलवर काम केलेल्या हाताला सर्किट पूर्ण करायची सवय असते; इथे तसं केलं तर थेट शॉर्ट. दूरच्या टोकाला फक्त एंड सील, तेही कंपनीने दिलेलंच. इन्सुलेशन टेपचे चार वेढे म्हणजे एंड सील नव्हे.

गरम लाइनचं आणखी एक काम या पट्ट्यात चालतं, ज्याकडे हीट ट्रेसिंग म्हणून फारसं कुणी पाहत नाही. डिझेल इंजिनाच्या धुरातले हायड्रोकार्बन मोजायचे असतील तर धूर विश्लेषकापर्यंत नेणारी नळी १९० अंशांवर, दहा अंश इकडे-तिकडे, राखावी लागते. ती गार पडली की जड हायड्रोकार्बन नळीच्याच भिंतीवर बसतात आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, चाकणलाही तिचं केंद्र आहे, आणि इथल्या वाहन कंपन्यांच्या स्वतःच्याही प्रयोगशाळा आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण नियम लागू झाल्यावर या मोजणीचं महत्त्व किती वाढलं ते सांगायला नको. अशाच नियमांमुळे मोठ्या डिझेल गाड्यांत युरियाचा द्राव आला, ३२.५ टक्के युरियाचा हा द्राव उणे ११ अंशांना गोठतो, आणि थंड प्रदेशात जाणाऱ्या गाड्यांत त्याच्या नळ्या तापवण्याची सोय करावी लागते, पुष्कळदा विजेचीच. म्हणजे लडाखचा प्रश्न चाकणच्या असेंब्ली लाइनवर येऊन पोचलेला आहेच.

आता सुरक्षिततेकडे येतो. या पुस्तिकेचा अर्ध्याहून अधिक भाग त्यावर आहे, आणि तो तसाच हवा होता.

हीट ट्रेसिंगच्या आगीचं स्वरूप इतर विद्युत आगींपेक्षा वेगळं असतं. क्लॅडिंगचा स्क्रू मारताना तो केबलमध्ये घुसतो, किंवा पत्र्याच्या कापलेल्या धारेने तिचं वेष्टण चिरतं. लगेच काही होत नाही. पावसाळ्यात ओल पोचते, तार आणि बाहेरची धातूची जाळी यांच्यात ठिणग्यांचा बारीक प्रवाह सुरू होतो. हा प्रवाह दोन-चार अँपिअरचा. पॅनलमधला ३२ अँपिअरचा एमसीबी त्याच्याकडे बघतही नाही, कारण त्याच्या हिशोबात तो साधा लोडच आहे. ठिणगी केबल जाळत हळूहळू पुढे सरकते, लॅगिंगच्या आत, कुणाला न दिसता. रॉकवूल जळत नाही, पण फ्लँजमधून गळलेलं तेल त्यात मुरलेलं असेल तर ते पेटतं. म्हणून हीट ट्रेसिंगच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण, ज्याला आपल्याकडे अजून ईएलसीबीच म्हणतात, लागतंच. त्याच्या जोडीला केबलच्या जाळीचं अर्थिंग हवं. जाळी अर्थ केलेली नसेल तर गळतीला परतीची वाट मिळत नाही, आणि ईएलसीबीला काही कळत नाही.

आणि इथेच आपल्या पट्ट्यातली सर्वात घातक सवय येते. पावसात ईएलसीबी वारंवार ट्रिप होतो. उत्पादन थांबतं. वरून फोन येतात. मग कुणीतरी तो बायपास करतो, किंवा त्याच्या जागी साधा एमसीबी बसवतो, आणि ट्रिपिंग थांबल्याचा सगळ्यांना आनंद होतो. ज्या उपकरणाने दोष दाखवला तेच काढून टाकलं, आणि दोष लॅगिंगखाली तसाच राहिला. हे करणाऱ्या वायरमनला दोष देऊन भागत नाही. बायपास करायची परवानगी देणारा आणि शटडाऊन नाकारणारा माणूस त्याच्या वर बसलेला असतो. या पुस्तिकेचं हे प्रकरण त्या खुर्चीतल्या माणसानेही वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण आपल्या कामाच्या वाटणीतली आहे. पाइप फिटरचा, केबल वायरमनची, लॅगिंग आणि क्लॅडिंग तिसऱ्याच ठेकेदाराचं. वायरमन पाइपाच्या खालच्या अंगाला, घड्याळाच्या चार किंवा आठच्या जागी, काचतंतूच्या टेपने केबल नीट बांधतो. व्हॉल्व्ह आणि सपोर्ट जास्त उष्णता खातात म्हणून तिथे तिचे जादा वेढे देतो. दोन आठवड्यांनी क्लॅडिंगची टोळी येते. आत काय आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि हँडड्रिल चालू होतं. केबलला सर्वात जास्त धोका याच दोन आठवड्यांत आणि पुढच्या दोन दिवसांत असतो, आणि त्या काळात तिचा धनी कुणीच नसतो. माझ्या मते हीट ट्रेसिंगची सुरक्षितता केबलच्या ब्रँडपेक्षा या हस्तांतरणावर अवलंबून आहे. क्लॅडिंगच्या वेळी वायरमन जागेवर उभा असलाच पाहिजे, आणि हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यायला हवं.

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, तीनदा मारायचा: ड्रमवर असताना, पाइपावर बांधल्यावर, आणि लॅगिंग-क्लॅडिंग संपल्यावर, वीज देण्याआधी. दोन्ही तारा एकत्र धरून त्यांच्यात आणि जाळीत मोजायचं. दोन तारांमध्ये मोजलं तर मधला गाभाच मोजला जाईल आणि आकडा कमी दिसून उगाच घबराट होईल. प्लास्टिकच्या वेष्टणाच्या केबलला बहुतेक उत्पादक २५०० व्होल्ट डीसीची चाचणी सुचवतात, आणि वाचन किमान २० मेगाओहम हवं. आपल्या बहुतेक कार्यशाळांत ५०० व्होल्टचाच मेगर असतो. स्क्रूने वेष्टण चिरलं आहे पण तार आणि जाळी अजून टेकलेल्या नाहीत, असा दोष ५०० व्होल्टला सहसा दिसत नाही, २५०० ला दिसतो. एवढ्यासाठी एक चांगला मेगर विकत घेणं कुठल्याही कारखान्याला जड नाही.

गुरुवारचंही लक्षात ठेवावं. भोसरी-चिंचवडकडच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. ट्रेसिंगही बंद केलं असेल तर शुक्रवारी पहाटे पाइप पूर्ण गार असतो, आणि सेल्फ-रेग्युलेटिंग केबल गार असताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. काही मिनिटांत तो उतरतो. एमसीबी निवडताना आणि एका सर्किटची लांबी ठरवताना हा गार अवस्थेतला प्रवाह धरायचा असतो. शुक्रवारी एमसीबी पडतो म्हणून मोठा लावला, तर संरक्षण तेवढं ढिलं झालं.

सेल्फ-रेग्युलेटिंग आहे म्हणजे थर्मोस्टॅट नको, ही समजूतही काढून टाकायला हवी. ती स्वतःला जळू देत नाही, पण तिने गाठलेलं तापमान तुमच्या मालाला चालेलच असं नाही. साध्या कार्बन स्टीलच्या पाइपात लाय साधारण ५० अंशांपुढे गेली की वेल्डपाशी चिरा पडू लागतात. वाहत्या लाइनला मर्यादेत ठेवणारी केबल पंप बंद असताना तीच लाइन जास्त तापवते. म्हणून पाइपालाच तापमान मोजणारा आरटीडी, आणि वेगळा हाय-लिमिट कटआऊट. पेंट शॉपच्या थिनर रूमसारख्या जागी तर केबलच्या पृष्ठभागाचं कमाल तापमानच महत्त्वाचं: टी३ म्हणजे २०० अंशांपर्यंत, टी४ म्हणजे १३५ पर्यंत. अशा स्फोटक वातावरणासाठी आयईसी/आयईईई ६००७९-३० हे मानक आहे, आणि उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता बघावी लागते. तिथे बाजारातून आणलेला साधा जंक्शन बॉक्स किंवा ग्लँड लावणं हा गुन्हाच समजावा.

हे सगळं उत्पादकांच्या पत्रकांत असतं, पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि ड्रमच्या खोक्याबरोबर ते पत्रकही भंगारात जातं. केबल प्रत्यक्ष बांधणारा मुलगा औंध किंवा मोरवाडीच्या आयटीआयमधून आलेला असतो, क्लॅडिंगवाला कदाचित शाळेतूनच कामाला लागलेला. त्यांना समजणारं लिखाण नसेल तर सुरक्षेची सगळी भिस्त वरून कुणीतरी ओरडण्यावर राहते. म्हणून या पुस्तिकेत मेगर, ग्लँड, लॅगिंग, एंड सील हेच शब्द ठेवले आहेत, आणि आकृत्यांमध्ये हात कुठे धरायचा हेही दाखवलं आहे.

वाचताना शेवटच्या पानावरचा नमुना तक्ता जवळ ठेवावा. त्यात लाइनचा क्रमांक, केबलची लांबी, तीन मेगर वाचनं आणि चालू अवस्थेतला प्रवाह भरायचे आहेत, आणि तो पॅनलच्या दाराच्या आत चिकटवायचा आहे. आपल्या प्लँटमधली एक लाइन निवडा. वरच्या उदाहरणासारखी साठ मीटरची, मीटरला १० वॅट देणारी असेल तर २३० व्होल्टला क्लँप मीटरवर सुमारे २.६ अँपिअर दिसायला हवेत. ड्रमवर लिहिलेला वॅटचा आकडा १० अंशांच्या पाइपासाठी असतो, ५० अंशांवर तीच केबल त्याच्या निम्म्याहूनही कमी देऊ शकते, हे धरूनच हिशोब करा. प्रवाह शून्य असेल तर आधी थर्मोस्टॅट आणि जंक्शन बॉक्स बघा. जेमतेम अर्धा असेल तर केबल कुठेतरी तुटलेली आहे, आणि दूरच्या टोकाकडचा पाइप हाताला गार लागेल. क्लॅडिंग उघडण्याआधी सर्किट बंद करून कुलूप आणि टॅग लावा, आणि उघडल्यावर पहिल्यांदा स्क्रूंच्या रांगेखाली पाहा.